जुना टायर टाकण्याआधी तो वाचा

गाडीला नवे टायर घालून लोक थेट माझ्याकडे अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन बसवून घ्यायला, येतात. मी आधी विचारतो, ‘‘जुने कुठे आहेत?’’ उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, ‘‘ते तिथंच टाकून आलो.’’ मला दर वेळी हळहळ वाटते. त्या गाडीच्या चाकांनी तीस-चाळीस हजार किलोमीटर काय सोसलं ते सगळं त्या रबरावर उमटलेलं होतं, आणि आता माझ्यासमोर कोरी पाटी आहे. मशीन मला उभ्या गाडीचे आत्ताचे कोन दाखवतं. गाडी धावताना, ब्रेक दाबताना, पाठीमागे चार माणसं बसल्यावर ते कोन कुठे जातात हे मशीनला दिसत नाही. टायरला ते माहीत असतं.

बारा वर्षं मी हेच काम करतो आहे. टायर एका कडेने खाल्ला की माणूस टायरच्या कंपनीला दोष देतो, पुढच्या वेळी दुसरी कंपनी घेतो, आणि सहा-आठ महिन्यांनी तीच कड परत साफ. टायर खाणारी वस्तू गाडीतच राहिलेली असते. ती शोधायला महागडं काही लागत नाही. हवा मोजायचा गेज, नक्षीची खोली मोजायचा छोटा डेप्थ गेज, टॉर्च, खडू, वही-पेन आणि स्वतःचा तळहात. एवढ्यावर दहापैकी सात-आठ गाड्यांचं कारण मी मशीन चालू करायच्या आधी ओळखतो. तुम्हालाही ते जमेल.

सुरुवात खडूने करा. टायर गाडीवर असतानाच प्रत्येकाच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. डावं-उजवं नेहमी गाडीत बसून, तोंड पुढे करून ठरवायचं. समोर उभं राहून ठरवलं की उलटं होतं आणि मग पुढचं सगळं निदान उलटं जातं. चाक ज्या दिशेने फिरतं तिकडे एक बाणही काढा. टायर एकदा गाडीवरून उतरून ढिगात गेला की कुठला कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. चाकांची अदलाबदल करायची असेल, तर तीही टायर वाचून झाल्यावर. आधी अदलाबदल आणि मग तपासणी म्हणजे पुरावा आपणच पुसणं.

आधी हवा

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी बघायची. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. चालून आलेल्या टायरमधली हवा तापलेली असते आणि गेज तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सहज जास्त दाखवतो. ते बघून हवा काढली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर बसतो. ऋतू बदलला तरी हाच खेळ होतो. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण दीड पीएसआय हवा आपोआप कमी दिसते.

किती हवा ठेवायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, चिकटवलेलं असतं. टायरच्या अंगावर जो आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नव्हे. तो आकडा वाचून हवा भरणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांचे टायर मधोमध घासलेले असतात.

हवेमुळे होणारी झीज ओळखायला सगळ्यात सोपी. हवा जास्त असली की टायर मधे फुगतो, वजन मधल्या पट्टीवर येतं आणि मधली नक्षी आधी संपते. हवा कमी असली की मधला भाग आत जातो, दोन्ही कडा रस्त्यावर दाबल्या जातात, आणि दोन्ही कडा सारख्या झिजतात. हल्लीच्या रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असल्यामुळे जास्त हवेचा फुगवटा जुन्या टायरइतका ठळक नसतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, मोजा. पण कमी हवा कुठल्याही टायरला माफ करत नाही. कडा तर जातातच, शिवाय साइडवॉल सतत वाकून तापते, आणि तापलेला टायर वेगात फुटतो. चारपैकी एकाच टायरची हवा दर महिन्याला उतरत असेल तर व्हॉल्व्ह, बारीक खिळा किंवा रिमच्या कडेवरची गळती शोधा. साबणाचं पाणी ओतलं की बुडबुडे येतात.

एक अपवाद लक्षात असू द्या. हवा अगदी बरोबर असूनही पुढच्या दोन्ही टायरच्या कडा गोल झाल्या असतील, तर चालवणारा वळणं वेगात घेतो आहे. वळणावर गाडीचं बरंचसं वजन बाहेरच्या टायरच्या कडेवर येतं. घाटात रोज जाणाऱ्या गाड्यांना हे होतंच, त्यात बिघाड काही नसतो.

मोजायचं कसं

नव्या कारच्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. खाचांच्या तळाशी ठराविक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिमी. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला, आणि अनेक देशांच्या कायद्यात हीच शेवटची मर्यादा आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर ओल्या रस्त्यावर ३ मिमीनंतर भरवसा ठेवू नये. उथळ खाचेतून पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही, टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

खोली एका ठिकाणी मोजून भागत नाही. बाहेरची खाच, मधली खाच, आतली खाच, अशा तीन जागा घ्या. मग चाक एक-तृतीयांश फिरवून परत तीन, पुन्हा फिरवून परत तीन. एका टायरचे नऊ आकडे होतात. गेजचं टोक त्या १.६ मिमीच्या उंचवट्यावर टेकू देऊ नका, नाहीतर टायर उगाच म्हातारा दिसेल. वहीत असं लिहायचं: पुढचा डावा, बाहेर ५.२, मधे ५.०, आत २.१. हे तीन आकडे वाचले की चाक उतरवायच्या आधीच मला कळतं की बाहेरून उभं राहून बघणाऱ्याला हा टायर उत्तम वाटला असणार.

आतली कड हीच खरी फसवी जागा. पुढच्या चाकांची आतली कड दिसण्यासाठी स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकाच्या मागच्या बाजूने टॉर्च मारा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक बघा. मागची चाकं वळत नाहीत, तिथे मोबाइल खाली धरून फोटो काढा. बाहेरून ५ मिमी नक्षी आणि आतून तारा उघड्या पडलेले टायर मी हातात घेतले आहेत, आणि त्या गाड्यांत लहान मुलं बसून आलेली पाहिली आहेत. हे बघणं पुढे ढकलू नका.

आडव्या आकड्यांत, म्हणजे आत-मधे-बाहेर, १ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला की मी कारण शोधायला लागतो. आणि फरक आडवा नसून चाकाच्या गोलाईभर असेल, एका जागी ५ आणि दुसऱ्या जागी ३, तर ते प्रकरण अलाइनमेंटचं नाही. त्याकडे पुढे येतो.

तळहाताने वाचायचं ते

आता गेज बाजूला ठेवा. हात स्वच्छ पुसा आणि तळहात नक्षीवर सपाट टेकवून बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे, टायरच्या रुंदीवर आडवा, हलकाच फिरवा. मग उलट, आतून बाहेर. आधी उघडी तार नाही याची डोळ्यांनी खात्री करा. तार सुईसारखी घुसते.

चांगल्या टायरवर दोन्ही दिशांना हात सारखाच सरकतो. टो, म्हणजे चाकाच्या तोंडाची दिशा, बिघडलेल्या टायरवर एका दिशेने हात मांजरीच्या पाठीवरून जावा तसा जातो आणि उलट दिशेने प्रत्येक पट्टीच्या काठाला अडतो, करवतीच्या दातांवरून ओढल्यासारखा. डोळ्यांना हे बऱ्याचदा दिसत नाही. दोन-तीन हजार किलोमीटर झालेल्या, दिसायला नव्याकोऱ्या टायरवरही हाताला कळतं. म्हणूनच मी याला एवढं महत्त्व देतो: नक्षी संपण्याआधी, पैसे वाया जाण्याआधी कळणारी ही एकमेव खूण आहे.

टो म्हणजे दोन्ही पावलं सरळ आहेत की बोटं आत किंवा बाहेर वळली आहेत, तेच चाकांच्या बाबतीत. पुढच्या कडा एकमेकींकडे वळल्या तर टो-इन, फाकल्या तर टो-आउट. आत जाताना हात गुळगुळीत जातो आणि बाहेर येताना अडतो, तर चाकं आत वळलेली आहेत. बाहेर येताना गुळगुळीत आणि आत जाताना अडतो, तर फाकलेली. हात जिकडे सुखाने जातो तिकडे चाकाचं तोंड, असं मी नव्या मुलांना सांगतो. जास्त बिघडलं की टो-इनमध्ये बाहेरची कड आणि टो-आउटमध्ये आतली कड खाल्ली जाते.

टो इतका टायर का खातो, याचा हिशेब करून बघा. चाक फक्त अर्धा अंश तिरकं असलं तर गाडी १ किलोमीटर पुढे जाताना ते चाक जवळजवळ ९ मीटर आडवं घासत गेलेलं असतं. १० हजार किलोमीटरमध्ये हे आडवं घासणं ८७ किलोमीटर होतं. रबर तरी किती टिकणार!

कॅम्बर हे वेगळं प्रकरण. गाडीसमोर उभं राहून बघितलं तर चाकाचा माथा आत कललेला दिसतो की बाहेर, तो कॅम्बर. माथा आत कलला की आतली कड, बाहेर कलला की बाहेरची कड झिजते. पण इथे हाताला ते करवतीसारखे काटे लागत नाहीत. एक बाजू दुसऱ्या बाजूकडे उतरत जाते, छपराच्या उतारासारखी, गुळगुळीत. खाल्लेली कड आणि काटे, तर टो. खाल्लेली कड आणि गुळगुळीत, तर कॅम्बर. पुष्कळ गाड्यांना कारखान्यातूनच थोडा आत कललेला कॅम्बर दिलेला असतो, वळणावर पकड राहावी म्हणून. टो बरोबर असेल तर तेवढ्याने टायर फारसा झिजत नाही. आत कललेलं चाक आणि वर टो-आउट, हे दोन्ही एकत्र आले की मात्र आतली कड बघता बघता संपते.

आणखी एक भेद, जो मला स्वतःला उमगायला बराच काळ लागला. पुढची दोन्ही चाकं स्टेअरिंगच्या एकाच दांड्याने जोडलेली असतात. सरळ रस्त्यावर ती आपसांत टोची चूक अर्धी-अर्धी वाटून घेतात. त्यामुळे एका बाजूचा टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा, चुकीचा असला तरी झीज दोन्ही पुढच्या टायरवर जवळपास सारखी दिसते, फक्त स्टेअरिंग तिरकं बसतं. कॅम्बर वाटून घेता येत नाही. ज्याचा त्यालाच भोगावा लागतो. म्हणून दोन्ही पुढच्या टायरची तीच कड गेली असेल तर आधी टोवर संशय घ्या, एकाच टायरची गेली असेल तर त्या कोपऱ्यात काहीतरी वाकलं किंवा खचलं आहे. फुटपाथला धडक, खोल खड्डा, बसलेली स्प्रिंग. सपाट जमिनीवर चारही चाकांवर जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत उंची मोजा. एकाच अक्षावरच्या डाव्या-उजव्या उंचीत डोळ्यांत भरण्याजोगा फरक आला तर स्प्रिंग बघून घ्या.

अलाइनमेंटच्या आधी ढिलाई

इथे मी माझी एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच मी टायर वाचायला शिकलो. कामाला लागून दुसरं वर्ष होतं. पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा खाल्लेली एक गाडी आली. मी मशीन लावलं, टो किंचित फाकलेला होता, बरोबर केला, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे झाले. नवे टायर, हिरवा कागद, गाडी गेली. चार महिन्यांनी तीच गाडी परत आली आणि आतल्या कडा परत तशाच. मालक भांडला नाही. त्याने शांतपणे कागद पुढे केला आणि म्हणाला, ‘‘यात सगळं बरोबर लिहिलंय ना?’’ त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलून मी लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बुशमध्ये, म्हणजे रबरी सांध्यात, पहार घालून दाबली. बुशचं रबर पूर्ण फाटलेलं होतं, आर्म बोटभर मागेपुढे सरकत होता. उभ्या गाडीत आर्म जागेवर बसायचा, म्हणून मशीनवर आकडे हिरवे. ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जायचं आणि टो फाकायचा. दर ब्रेकला दोन्ही टायर आतल्या कडेवर घासत होते. आणि टायरवर काटे स्पष्ट होते, हात बाहेर येताना गुळगुळीत, आत जाताना अडणारा. मी हातच फिरवला नव्हता. दोन्ही बुश बदलले, परत अलाइनमेंट केली, त्या कामाचा मोबदला घेतला नाही. तेव्हापासून ढिलाई तपासल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही.

तुम्ही घरी एवढं बघू शकता. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या, हँडब्रेक ओढा, जे चाक उचलायचं नाही त्याच्या पुढेमागे अडणी लावा. जॅकने उचललं की जॅकच्या जोडीला स्टँड लावाच, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. आता चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. मग नऊ आणि तीनच्या जागी. नऊ-तीनलाच ढिलाई लागली तर टाय रॉडच्या टोकाचा सांधा बघा. बारा-सहाला लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. या दोहोंत भेद करायला आत कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग गेलं आहे, तशीच राहिली तर सांधा. बुश बघायला गाडीखाली जावं लागतं. सवय नसेल तर ते गॅरेजमध्येच करून घ्या, फक्त ‘‘लोअर आर्मचे बुश पहारीने दाबून दाखवा’’ असं स्पष्ट सांगा आणि स्वतः बघा.

खळगे, डाग आणि सपाट चकत्या

आता गोलाईभर असमान झिजलेले टायर. तळहात या वेळी चाक फिरतं त्या दिशेने, लांबीवर फिरवा. दर काही बोटांवर खळगे लागत असतील, कुणी चमच्याने रबर काढून नेल्यासारखे, तर ते चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं आहे. शॉकअप थकला की स्प्रिंग आवरली जात नाही, टायर आपटतो, उचलतो, परत आपटतो, आणि जिथे आपटतो तिथे झिजतो. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं, बिघडलेलं असलं किंवा बेअरिंग ढिलं असलं तरी असंच होतं. वेग ८० ते ११०च्या दरम्यान असताना स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करून घ्या, तेच स्वस्त आणि झटपट. थरथर नाही पण खळगे आहेत, तर शॉकअपवर तेल ओघळलं आहे का बघा. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी रीत मी फारशी मानत नाही. साफ मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा थकलेला सुटतो.

खळगे पडलेला टायर घूंऽऽ असा आवाज करतो आणि लोक बेअरिंग बदलून मोकळे होतात. आवाज तसाच राहतो. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे गाडी नाही हे बघून, बेताच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग, कारण भार तिकडे गेला. उजवीकडे वळताना वाढला तर डावं. झुलवूनही आवाज तसाच राहिला, पण डांबरावरून काँक्रीटवर जाताना बदलला, तर तो टायरचा आवाज आहे.

नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उंच आणि एक खाली, असं मागच्या टायरवर फार दिसतं, विशेषतः इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असलेल्या, म्हणजे पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत. मागे वजन कमी, ओढ नाही, आणि टायर वर्षानुवर्षं तिथंच. हे घाबरण्यासारखं नाही. अशा गाड्यांत मागचे टायर पुढे आणले की ओढणाऱ्या चाकावर ते हळूहळू सपाट होतात; काही दिवस आवाज वाढलेला वाटेल.

मागच्या टायरवर खळगे तिरके, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे रांगेत गेले असतील तर मागचा टो तपासा. मागची चाकं पुढच्यांसारखी चूक वाटून घेत नाहीत. ज्या बाजूचं चाक तिरकं, तोच टायर झिजतो, शिवाय गाडीचं शेपूट एका बाजूला सरकतं आणि सरळ जायला स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं. नुसती पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून हे कधीच सुटत नाही, चारही चाकांची करावी लागते. काही गाड्यांत मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड बीम असतो, त्याला फिरवायला बोल्टच नसतो. तिथे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालावे लागतात किंवा वाकलेला बीमच बदलावा लागतो.

एकाच जागी हाताएवढी सपाट चकती असेल तर कधीतरी चाक अडकून टायर फरफटला आहे. काही दिवस एकाच जागी उभ्या गाडीलाही चकती येते, पण ती बहुधा टायर तापल्यावर, थोडं चालल्यावर जाते. फरफटीची जात नाही.

आणि एकच जागा झिजलेली असून तिथे नक्षी फुगीर वाटत असेल, किंवा साइडवॉलवर टेंगूळ आलं असेल, तर पुढचं काहीही वाचू नका. आतले थर सुटले आहेत. त्या टायरवर गॅरेजपर्यंतही जोरात जाऊ नका, स्टेपनी लावा.

रॅम्पवर गेल्यावर

आता अलाइनमेंटला जा, आणि वही बरोबर न्या. जुने टायर उतरवले असतील तर तेही डिकीत टाका. काम करणाऱ्याला झीज दाखवा, तुमचा अंदाज सांगा. चांगला कारागीर याने नाराज होत नाही, त्याचं काम सोपं होतं. गाडीत नेहमी जड सामान असतं असं असेल तर ते काढून नेऊ नका. वजनाने गाडी बसते आणि कोन बदलतात. दुरुस्तीआधीच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. बहुतेक जण नंतरचाच कागद देतात, पण दोष कळतो तो आधीच्या आकड्यांवरूनच. टायरवर काटे होते आणि आधीच्या कागदात टो बरोबर दिसतो, तर माझ्या त्या गाडीसारखं कुठेतरी बुश हलतं आहे. काम तिथेच थांबवायला सांगा आणि आधी ते शोधा. कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलाचा, आकडा थोडा इकडेतिकडे दिसला तर टायरच्या बाबतीत त्याची चिंता नको, त्याने गाडी ओढली जाते, टायर सहसा झिजत नाही.

गाडी एका बाजूला ओढते आहे आणि कागद मात्र निर्दोष, असं असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. साइडवॉलवर फिरण्याचा बाण असलेले टायर मात्र असे बदलता येत नाहीत, ते फक्त पुढून मागे जातात. ‘आउटसाइड’ छापलेली बाजू बाहेर आहे ना, हेही बघा. उलट चढवलेले मला दोनदा सापडले आहेत.

चाकांची अदलाबदल दर ८ ते १० हजार किलोमीटरला करावी. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे तिरपे पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत हे टाळू नका; चार टायरच्या नक्षीत फार फरक पडला तर गिअरच्या बाजूचे भाग सतत ताणाखाली राहतात. चाकांचे बोल्ट एकाआड एक समोरासमोर आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावून बघा.

नवे टायर चढले, ढिलाई काढली, कोन बसले. आता वहीत किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन हजार किलोमीटर झाले की गेजची वाट न बघता, सकाळी गाडी थंड असताना, स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या दोन्ही टायरवर तळहात फिरवा. आत एकदा, बाहेर एकदा. दोन्हीकडे सारखाच सरकला, तर पुढच्या आठ हजारांपर्यंत निर्धास्त चालवा. कुठेही जरा अडला, तर त्याच दिवशी या.